कमी चाललेली जुनी स्पोर्ट्स कार : पारख, खरेदी आणि यांत्रिक पुनरुज्जीवन

जुनी स्पोर्ट्स कार शोधणाऱ्याला ओडोमीटरवरचा लहान आकडा फार लवकर भुरळ घालतो. गाडी चाळीस वर्षांची आणि चाललेली मात्र जेमतेम वीस हजार किलोमीटर, असे कळले की ती जवळजवळ नवीच असणार असा समज होतो. प्रत्यक्षात गाडीचे वय दोन वेगळ्या मापांनी मोजावे लागते. पिस्टन, बेअरिंग, गिअर, कॅमशाफ्ट हे धातूचे भाग मुख्यतः अंतराने झिजतात. रबर, ऑइल सील, ब्रेक ऑइल, पेट्रोल, कूलंट आणि टायर मात्र काळाने खराब होतात, मग गाडी चालो वा उभी राहो. किंबहुना उभ्या गाडीत हे नुकसान अधिक वेगाने होते, कारण धातूवरचा तेलाचा थर ओघळून जातो, दमट हवा सिलिंडरमध्ये शिरते आणि सील हालचालीअभावी कडक होतात. त्यामुळे अशा गाडीवर काम करताना काळाने बिघडलेले सारे बदलावे आणि अंतराने झिजणारे भाग नीट तपासून, चांगले असतील तर उघडूसुद्धा नयेत. पुढची सर्व पद्धत याच भेदावर आधारलेली आहे.

आकडा खरा आहे का

जुन्या गाड्यांतील बहुतेक ओडोमीटर पाच आकडी असत. ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येत. शिवाय संपूर्ण मीटर बदलणे किंवा मागे फिरवणे अवघड नव्हते. म्हणून मीटरकडे केवळ एक दावा म्हणून पाहावे आणि त्याचा पुरावा गाडीत इतरत्र शोधावा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर, चालकाच्या सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगवरचे आवरण, दाराच्या बिजागऱ्यांतील ढिलाई आणि गिअरच्या मुठीवरची पुसट झालेली अक्षरे या सर्वांनी मिळून एकच गोष्ट सांगितली पाहिजे. पेडलचे रबर नवे आणि सीट मात्र खचलेली असेल, तर विक्रेत्याला प्रश्न विचारलाच पाहिजे. सर्व्हिसच्या पावत्या आणि जुने तपासणी दाखले यांवर नोंदवलेले किलोमीटर क्रमाने वाढत गेलेले असतील, तर तो सर्वांत भक्कम पुरावा होय. एखादा दाखलाही नाही, पण गाडी 'एकाच हाताची' आहे, अशा तोंडी कथेला किमतीत वजन देऊ नये.

मालकीच्या कागदपत्रांवरील चेसिस क्रमांक गाडीवर ठोकलेल्या क्रमांकाशी पैसे देण्यापूर्वी ताडून पाहावा. १९८१ पासूनच्या गाड्यांवर साधारणतः सतरा अंकाक्षरांचा प्रमाणित क्रमांक आढळतो. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आणि क्रमांक आखूड असे. इंजिन क्रमांकही पाहावा, कारण मूळ इंजिन असलेल्या आणि इंजिन बदललेल्या गाडीच्या किमतीत मोठा फरक पडतो.

खरेदीपूर्वीची पाहणी

या लेखाचा विषय यांत्रिक काम असला, तरी पाहणीची सुरुवात पत्र्यापासूनच करावी. इंजिनाचे बहुतेक भाग मिळतात किंवा बनवून घेता येतात. गंजलेला सांगाडा पूर्ववत करण्याचा खर्च मात्र अनेकदा संपूर्ण यांत्रिक कामापेक्षा जास्त होतो. १९६२ पासून बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये दाराखालची पेटीसारखी पट्टी, म्हणजे सिल, ही केवळ शोभेची नसून गाडीच्या ताकदीचा आधार असते. डॅटसन २४०झेड मध्ये बॅटरीचा ट्रे आणि पायाखालचा पत्रा आधी गंजतो. पोर्शे ९११ ची बॉडी १९७६ च्या मॉडेलपासून जस्तलेपित पत्र्याची झाली, त्यामुळे त्याआधीच्या गाड्या अधिक बारकाईने पाहाव्यात. कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक पत्र्यावरून फिरवल्यास ते जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे, एवढे तरी समजते.

गाडी चालू स्थितीत असेल, तर आपण येण्यापूर्वी ती सुरू करू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगावे. थंड इंजिन सुरू होताना येणारे आवाज आणि धूर गरम इंजिनात लपून जातात. पोहोचल्यावर बॉनेट कोमट लागले, तर तेही ध्यानात ठेवावे. गाडी अनेक वर्षे बंद असेल, तर मात्र नवी बॅटरी जोडून ती 'फक्त एकदा' सुरू करून दाखवण्याचा आग्रह स्पष्टपणे नाकारावा. कोरड्या बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, फिरलेल्या पिस्टनच्या रिंगा आणि टाकीच्या तळचा गंज ओढून घेतलेला कार्बोरेटर, हे त्या एका मिनिटाचे मोल असते आणि ते खरेदीदारालाच मोजावे लागते. माझ्या मते, न सुरू केलेली पण हाताने फिरणारी गाडी ही नुकतीच घाईने सुरू केलेल्या गाडीपेक्षा अधिक चांगली खरेदी ठरते.

अशा बंद गाडीत चार गोष्टी जागेवरच कळतात. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरते का, हे पहिले. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडल्यावर पेट्रोलऐवजी रंगासारखा आंबट, उग्र वास येतो का, हे दुसरे. ब्रेक ऑइल फिकट सोनेरी आहे की काळसर, आणि ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साका आहे का, या उरलेल्या दोन. दुधाळ साका नेहमी फाटलेल्या हेड गॅस्केटचाच (सिलिंडरांवरचे हेड आणि इंजिन ब्लॉक यांमधील पट्टीचाच) असतो असे नाही. कमी अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरते गरम न झाल्यानेही तो साचतो. कूलंटमध्ये तेलाचा तवंगही दिसला, तर मात्र शंका दृढ होते.

भागांची उपलब्धता ही किंमत ठरवण्यापूर्वीच तपासावी. एमजीबीचे जवळजवळ सर्व भाग नवे मिळतात. तिची संपूर्ण बॉडीशेलसुद्धा पुन्हा उत्पादित झाली. १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ चीही स्थिती चांगली आहे. याउलट मोजक्या संख्येने बनलेल्या गाडीचे एक साधे इंधन मोजणारे यंत्र मिळेपर्यंत काम कित्येक महिने अडून राहू शकते.

काम उघडण्यापूर्वी

त्या मॉडेलची कंपनीने काढलेली कार्यशाळा पुस्तिका मिळवावी आणि बोल्ट किती ताकदीने आवळायचे याचे आकडे तिच्यातूनच घ्यावेत. जर्मन, इटालियन आणि जपानी गाड्यांना मेट्रिक पाने लागतात, तर साठ-सत्तरच्या दशकांतील ब्रिटिश गाड्यांना इंची. 'जवळपास बसणारा' पाना वापरून बोल्टच्या कडा गोल करणे हे शेवटी महागच पडते. गाडी उचलल्यावर ती मजबूत स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. प्रत्येक जोडणी सोडण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, नट-बोल्ट लेबल लावून वेगळे ठेवावेत आणि काढलेला एकही मूळ भाग फेकू नये. कमी चाललेल्या गाडीचे मोल तिच्या मूळपणात असते. कारखान्यातून आलेला क्लिप किंवा क्लॅम्प साफ करून पुन्हा बसवता येत असेल, तर तोच बसवावा.

इंजिन जागे करणे

प्रथम स्पार्क प्लगभोवतीची धूळ दाबाच्या हवेने उडवावी, नाहीतर प्लग काढताच ती सिलिंडरमध्ये पडते. प्लग काढून कोणता कुठला हे नोंदवावे आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये काही चमचे भेदक (अडकलेले भाग सोडवणारे पातळ) तेल सोडून इंजिन काही दिवस तसेच ठेवावे. त्यानंतर प्लगच्या छिद्रातून कॅमेऱ्याची नळी घालून बोअर पाहावा. थांबलेल्या इंजिनात काही सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात आणि दमट हवा तिथूनच आत जाते; म्हणून तीन सिलिंडर स्वच्छ आणि चौथ्यात गंजाची वलये, असे चित्र दिसणे नेहमीचेच आहे. पुसट डाग चालतात, पण नखाला लागतील असे खड्डे असण्याची शक्यता दिसत असेल, तर हेड काढण्याची तयारी ठेवावी.

आता क्रँकशाफ्ट पान्याने, इंजिन फिरते त्याच दिशेने, सावकाश फिरवावा. अडथळा आला तर जोर न लावता आणखी तेल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे आणि किंचित पुढे-मागे हलवून पाहावे. टायमिंग बेल्ट (कॅमशाफ्ट फिरवणारा रबरी पट्टा) असलेल्या इंजिनात ही सावधगिरी दुप्पट महत्त्वाची आहे. पोर्शे ९४४ सारख्या इंजिनात बेल्ट तुटला किंवा सरकला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. त्यामुळे अशा गाडीत बेल्ट, तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा रोलर आणि बहुधा वॉटर पंपही इंजिन प्रथमच सुरू करण्यापूर्वी बदलावेत. बेल्ट जेमतेम काही हजार किलोमीटर चाललेला आहे, हा युक्तिवाद इथे निरुपयोगी आहे, कारण त्याचे रबर वर्षे मोजते. व्हॉल्व्हचे झाकण काढून इंजिन फिरवताना प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण वर येतो का, हे डोळ्यांनी पाहावे. जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने एखादा व्हॉल्व्ह अडकून बसलेला असतो आणि स्टार्टरच्या धक्क्याने पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्हकडे हालचाल नेणारी दांडी, वाकतो.

जुने ऑइल काढावे आणि शक्य असल्यास सम्पही (इंजिनाखालचे ऑइलचे पात्र) उतरवून तळचा गाळ व ऑइल पंपाची जाळी साफ करावी. सपाट टॅपेटच्या (कॅमवर सपाट तोंडाने घासणाऱ्या भागांच्या) जुन्या इंजिनांसाठी पुरेसे जस्त-फॉस्फरस मिश्रण असलेले ऑइल निवडावे. आधुनिक ऑइलमध्ये उत्प्रेरक कन्व्हर्टरच्या रक्षणासाठी त्याचे प्रमाण कमी केलेले असते आणि कॅमचे उंचवटे त्यामुळे लवकर झिजू शकतात. ९११ सारख्या ड्राय सम्प इंजिनात ऑइलची टाकी वेगळी असते. तीही रिकामी करावी आणि पुढे ऑइलची पातळी सपाट जागेवर, इंजिन गरम व चालू असतानाच मोजावी. थंड इंजिनाचे माप पाहून वरून ऑइल ओतत राहिल्यास ते हवेच्या मार्गात जाते.

कॅमवर हाताने ऑइल लावून, प्लग काढलेलेच ठेवून आणि इग्निशनची जोडणी सोडून, स्टार्टर थोडाथोडा वेळ फिरवावा. ऑइलचा दाब मीटरवर दिसेपर्यंत पुढचे पाऊल टाकू नये. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. आकड्यापेक्षा सिलिंडरांतील सारखेपणा महत्त्वाचा. साधारण दहा ते पंधरा टक्क्यांहून अधिक फरक आढळला, तर तपास करावा. तपासासाठी सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून सुटते हे ऐकावे: कार्बोरेटरमधून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. तरीही पहिल्या मोजणीवरून इंजिन उघडण्याचा निर्णय घेऊ नये. अडकलेल्या रिंगा काही तास इंजिन चालल्यावर अनेकदा मोकळ्या होतात आणि आकडे सुधारतात.

शिशाविरहित पेट्रोलमुळे व्हॉल्व्हची बैठक झिजते, ही भीती एमजीबीसारख्या ओतीव लोखंडी हेडच्या बाबतीत खरी आहे. केवळ तेवढ्यासाठी मात्र निरोगी हेड काढण्याचे कारण नाही. व्हॉल्व्हमधील फट नियमित मोजत राहावी आणि ती वारंवार कमी होऊ लागली, तर कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात.

इंधन व्यवस्था

बंद गाडी पुन्हा चालू करताना सर्वाधिक वेळ बहुधा इथेच जातो. जुने पेट्रोल पंपापर्यंतही पोहोचू देऊ नये. टाकी पूर्ण रिकामी करून शक्यतो उतरवावी आणि आतून पाहावी. हलका गंज सौम्य आम्लाने निघतो. त्यानंतर टाकी ताबडतोब धुऊन पूर्ण कोरडी करावी. आतून लेप देण्याचा उपाय मला शेवटचा वाटतो, कारण गंज नीट न काढता दिलेला लेप पुढे पापुद्र्यांनी सुटतो आणि इंधन वाहिनी तुंबवतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. तिच्याजवळ वेल्डिंग, ग्राइंडर किंवा ठिणगी उडवणारे कोणतेही हत्यार आणू नये, आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असावे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते आणि जुने रबर फुगवते. म्हणून इंधनाच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, फ्लोरोरबराचे अस्तर असलेल्या घ्याव्यात. कार्बोरेटर उघडून अल्ट्रासॉनिक पद्धतीने स्वच्छ करावा. जेटमध्ये (इंधन मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रात) तार घालू नये, कारण छिद्राचे माप बदलले की मिश्रण कधीच जुळत नाही. एसयू कार्बोरेटरमध्ये वरच्या डॅम्परमधील ऑइल, झेनिथ-स्ट्रॉमबर्ग बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये रबरी पडदा आणि वेबर बनावटीच्या काहींमध्ये ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा, हे काळाने जाणारे भाग आहेत.

बॉशची के-जेट्रॉनिक यांत्रिक इंजेक्शन प्रणाली असेल, तर संयम अधिक लागतो. तिच्या इंधन वितरकातील दांडा अत्यंत सूक्ष्म फटीत सरकतो आणि सुकलेल्या पेट्रोलने जागीच चिकटतो. स्वच्छ टाकी, नवा फिल्टर आणि दाबमापक यांच्यावाचून या प्रणालीच्या समायोजनाचे स्क्रू फिरवू नयेत. व्यवस्थेचा दाब साधारण ५ बार असतो आणि नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. वितरक स्वतः उघडण्यापेक्षा त्याच कामात मुरलेल्या कार्यशाळेकडे पाठवणे शहाणपणाचे आहे.

कूलिंग आणि वीज

कूलंटच्या सर्व नळ्या, थर्मोस्टॅट आणि पंखा-पंपाचे बेल्ट न पाहता बदलावेत. बाहेरून चांगली दिसणारी नळी आतून भेगाळलेली असते. इंजिन ब्लॉकचा ड्रेन प्लग काढल्यावर काहीच बाहेर आले नाही, तर आत गाळ घट्ट बसलेला आहे असे समजून तो मोकळा करावा. केवळ रेडिएटर धुऊन उपयोग होत नाही. नवे कूलंट घेताना ते पितळी रेडिएटरला आणि ॲल्युमिनियम हेडला, जे काही आपल्या गाडीत असेल त्याला, चालणारे आहे याची खात्री करावी.

विजेच्या बहुतेक तक्रारींचे मूळ खराब झालेल्या अर्थिंगमध्ये असते, म्हणून नवे भाग आणण्यापूर्वी बॅटरी, इंजिन आणि बॉडी यांमधील सर्व अर्थ-जोडण्या सोडून, घासून पुन्हा आवळाव्यात. उंदरांनी कुरतडलेल्या तारा डॅशबोर्डमागे हमखास सापडतात. डिस्ट्रिब्युटरमधील (प्लगना वीज वाटणाऱ्या भागातील) पॉइंट आणि कंडेन्सर बदलावेत, आणि वेगानुसार ठिणगीची वेळ बदलणारी आतली वजने मोकळी हलतात का ते पाहावे; ती अडकली असतील, तर इंजिन संथपणे ठीक चालते, पण वेगात त्याला जोर राहत नाही आणि दोष विनाकारण कार्बोरेटरवर जातो. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, स्ट्रोब (लुकलुकणाऱ्या) दिव्यानेच लावावे.

ब्रेक

इंजिन चालू झाल्याच्या आनंदात गाडी अंगणात फिरवून पाहण्याचा मोह होतो. ब्रेकचे काम पूर्ण होईपर्यंत चाक हलवू नये. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असतो, तर पाणी मुरल्यावर त्याची अपेक्षित मर्यादा १५५° पर्यंत खाली येते. ते पाणी मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आतून गंजवते. म्हणून रबरी नळ्या, मास्टर सिलिंडरची सील, कॅलिपरची सील आणि व्हील सिलिंडर हे सर्व एकाच वेळी करावे. खड्डे पडलेले पिस्टन घासून पुन्हा वापरू नयेत. शक्य तिथे स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. जुन्या मास्टर सिलिंडरवर पेडल तळापर्यंत दाबू नये, कारण एरवी वापरात न येणाऱ्या गंजलेल्या भागावर सील घासून फाटते.

ब्रेक दाबून सोडल्यावर एखादे चाक अडकूनच राहत असेल, तर दोष नेहमी कॅलिपरचा नसतो. रबरी नळीचा आतला थर सुटून झडपेसारखा बसतो. दाब पुढे जातो, पण परत येत नाही. हा दोष बाहेरून दिसत नसल्याने नळ्या वयावरूनच बदलाव्यात. सिलिकॉनचे डॉट ५ आणि ग्लायकॉलचे डॉट ३, ४ किंवा ५.१ कधीही एकत्र करू नयेत. जुन्या ब्रेक अस्तरात ॲसबेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ दाबाच्या हवेने उडवण्याऐवजी ओल्या कापडाने पुसावी आणि मुखपट्टी बांधावी.

१९६१ मध्ये आलेल्या जॅग्वार ई-टाइपसारख्या गाडीत मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसून डिफरन्शियलला (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला) लागून, गाडीच्या पोटात असतात. तिथे डिफरन्शियलचे सील गळले की ऑइल थेट डिस्कवर येते, आणि नीट काम करायचे तर मागचा संपूर्ण सांगाडा खाली उतरवावा लागतो. एकदा उतरवला की तिथली सील, बेअरिंग आणि बुश हे सर्व त्याच वेळी करावे. पुन्हा ते काम करण्याची इच्छा कोणाला होत नाही.

क्लच, गिअरबॉक्स, चाके

अनेक वर्षे उभ्या गाडीची क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. पेडल लाकडाच्या तुकड्याने दाबून काही दिवस ठेवल्यास ती कधीकधी सुटते. गिअरबॉक्स काढावाच लागला, तर क्लच, रिलीज बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचे मागचे सील एकत्र बदलावेत. पितळी सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) असलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये पुस्तिकेने सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल, बहुधा जीएल-४, घालावे. जीएल-५ मधील गंधकयुक्त घटक त्या धातूला सोसतीलच असे नाही.

टायरवरील कोडचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. २००० पूर्वीच्या टायरवर तीनच अंक असत. खाचा कितीही खोल असल्या, तरी दहा वर्षांपलीकडचा टायर वेगवान गाडीला लावू नये. चाकांच्या बेअरिंगमधील घट्ट झालेले ग्रीस काढून नवे भरावे. सस्पेन्शनचे बुश भेगाळले असतील तरच बदलावेत, आणि बदलताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळणे करावे, नाहीतर रबराला कायमचा पीळ बसतो.

पहिले पाचशे किलोमीटर

पहिल्या फेऱ्या घराजवळच्या आणि संथ असाव्यात. प्रत्येक फेरीनंतर ब्रेकचे जोड, इंधनाचे जोड आणि चाकांचे नट तपासावेत आणि गाडीखाली पुठ्ठा घालून गळती कुठून आहे ते पाहावे. कडक झालेली सील बहुधा याच टप्प्यावर गळू लागतात. थोडे थेंब काही आठवड्यांत थांबूही शकतात, म्हणून लगेच इंजिन उतरवू नये, मात्र ऑइलची पातळी रोज मोजावी. साधारण पाचशे किलोमीटरनंतर इंजिन ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलावेत, कारण सुटलेला गाळ आता त्यात आलेला असतो. पुस्तिका सांगत असेल तर हेडचे बोल्ट पुन्हा आवळावेत, व्हॉल्व्हमधील फट मोजावी आणि कॉम्प्रेशन पुन्हा घेऊन पहिल्या आकड्यांशी ताडावे. यानंतर गाडी दर दोन-तीन आठवड्यांनी, ऑइल पूर्ण गरम होईल इतके अंतर चालवावी. गॅरेजमध्ये पाच मिनिटे सुरू करून बंद केल्याने इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये पाणीच साचते.